डोंगरवाटांचे परवाने आणि वांटणीचा न्याय

नाशिक जिल्ह्यांतील हरिहर गडाच्या पायऱ्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांना त्यांचें वर्णन सांगावयास नको. अखंड कातळांत खोदलेल्या, जवळजवळ उभ्या आणि एका वेळीं एकाच माणसाला चढूं देणाऱ्या अशा त्या पायऱ्या आहेत. हातांच्या आधारासाठीं त्यांच्या दोन्ही अंगांस खोबण्या केलेल्या आहेत. पण त्या खोबणींत एक जण हात घालून उभा असतां दुसऱ्यानें काय करावें याचा विचार खोदणारानें केलेला दिसत नाहीं, आणि गड शत्रूपासून राखावयाचा असल्यामुळें तो त्यानें करण्याचें कारणहि नव्हतें. कांहीं वर्षांपूर्वीं श्रावणांतील एका रविवारीं आम्ही कांहीं विद्यार्थ्यांबरोबर तेथें गेलों होतों. वर जाणारे व खालीं येणारे त्याच पायऱ्यांवर एकमेकांसमोर आले, वरून पाऊस सुरू झाला, आणि दीड तास कोणालाहि हालतां आलें नाहीं. सुदैवानें कोणी पडलें नाहीं. परंतु त्या दीड तासांत आमच्या मंडळींत एक वाद सुरू झाला, व त्याचा निकाल त्या दिवशीं आम्हींच दिला. तो निकाल चुकला होता असें आम्हांला आतां वाटूं लागलें आहे, म्हणून हा लेख.

वाद असा होता: समजा, या गडावर दिवसाला अमुकच माणसें सोडावयाचीं असें ठरलें, तर तीं कोणतीं सोडावीं? एक विद्यार्थी म्हणाला, जो आधीं येईल त्याला सोडावें. दुसरा म्हणाला, भारी शुल्क ठेवावें, म्हणजे गर्दी आपोआप ओसरेल व आलेला पैसा गडाच्या डागडुजीला लागेल. तिसऱ्याचें म्हणणें, ज्याला चढण्याचा सराव आहे त्यालाच परवाना द्यावा. चौथा थट्टेनें म्हणाला, "सर, सरळ चिठ्या टाकाव्यात!" सगळे हंसले. आम्हीं पहिल्याच्या बाजूनें कौल दिला. रांगेंत राजा व रंक सारखेच उभे असतात, रांग हीच खरी लोकशाही, असें कांहींतरी आम्ही बोललों व विद्यार्थ्यांना तें पटलें. गुरुजींचें म्हणणें पायरीवर अडकलेल्या विद्यार्थ्याला लवकर पटतें, हें आम्हीं त्या वेळीं ध्यानांत घेतलें नाहीं.

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी जगांत नवा नाहीं. अमेरिकेंत तो गेलीं पन्नासांहून अधिक वर्षें लोकांना छळीत आहे, व तेथें त्याचीं जीं उत्तरें एकामागून एक करून पाहण्यांत आलीं त्यांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांतील सर्वांत जुना व सर्वांत कडाक्याचा तंटा पायवाटेवरून नव्हे, तर नदीच्या वाटेवरून झाला. तथापि प्रश्न तोच असल्यामुळें व कोर्टापर्यंत तो तेथेंच गेला असल्यामुळें, प्रथम त्याचीच हकीकत सांगणें सोयीचें होईल.

ॲरिझोना प्रांतांतील ग्रँड कॅनियन या प्रचंड दरीच्या तळाशीं कोलोरॅडो नदी वाहते. इ. स. १८६९ मध्यें पॉवेल नांवाच्या एका हाताच्या सेनाधिकाऱ्यानें होड्यांतून ती दरी प्रथम पार केली. त्यानंतर जवळजवळ ऐंशीं वर्षांत त्याच्या मागून गेलेलीं माणसें सारीं मिळून शंभराच्या आसपास भरतील. पुढें रबरी तराफे आले, १९६३ सालीं वरच्या अंगाला धरण होऊन पाणी आटोक्यांत आलें, आणि १९७२ सालीं एका वर्षांत सोळा हजारांवर माणसें त्या दरींतून गेलीं! वाळूचे कांठ तुडवले गेले, मुक्कामाच्या जागा घाण झाल्या, आणि उद्यानाच्या अधिकाऱ्यांनीं संख्येवर मर्यादा घातली. येथपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. तक्रार झाली ती वांटणीवरून. पैसे घेऊन लोकांना नेणाऱ्या कंपन्यांना शेंकडा ९२ वांटा मिळाला, व स्वत:ची होडी स्वत: वल्हवणाऱ्या सामान्य लोकांच्या वांट्याला शेंकडा ८ आला. याला आधार काय? तर मर्यादा घातली त्या वेळीं ज्याचा जितका वापर होता तितका त्याचा हक्क! म्हणजे ज्यांनीं गर्दी केली त्यांनाच गर्दीचें बक्षीस मिळालें. स्वतंत्र जाणारे लोक कोर्टांत गेले; परंतु १९७९ सालीं अपील कोर्टानें असें ठरविलें कीं, अशी विभागणी करण्याचा अधिकार उद्यानखात्याला आहे. त्यानंतरच्या योजनेंत खासगी प्रवाशांचा वांटा वाढविण्यांत आला, पण त्यांच्यांतल्या त्यांच्यांत तो कसा वांटावयाचा हा प्रश्न राहिलाच. त्यावर अधिकाऱ्यांनीं तोच उपाय योजला जो आम्हीं हरिहरच्या पायऱ्यांवर सुचविला होता. त्यांनीं रांग लावली.

ही रांग कागदावरची होती. नांव नोंदवावें, दरवर्षीं आपली इच्छा कायम असल्याचें कळवावें, आणि पाळी येण्याची वाट पाहावी. याहून सरळ व याहून न्याय्य काय असणार? परंतु रांगेचा एक स्वभाव आहे, तो आम्हांला तेव्हां दिसला नव्हता. रांगेंत उभें राहणें स्वस्त असलें म्हणजे रांग वाढत जाते, आणि वाढलेली रांग पाहून लोक अधिकच घाईनें नांव नोंदवितात. ज्याला दहा वर्षांनीं जावेंसें वाटण्याचा संभव आहे तोहि आजच नांव घालून ठेवतो. अशा रीतीनें ती यादी हजारों नांवांची झाली व नव्यानें नांव घालणाराला वीस वर्षांपर्यंत थांबावें लागेल असा हिशेब निघूं लागला. तिशींत नांव घातलेल्या माणसाची पाळी पन्नाशींत यावी, त्या वेळीं त्याच्या खांद्यांत वल्हें मारण्याची ताकद असावी कीं नसावी! अखेर २००३ सालीं यादींत नवीं नांवें घेणें बंद झालें. म्हणजे जो त्या सालानंतर वयांत आला त्याच्यासाठीं रांगेचें शेंपूटहि उरलें नाहीं. आधीं आलेल्याला आधीं, हें तत्त्व एका पिढीपुरतें न्यायाचें दिसतें. दोन पिढ्यांचा विचार केला म्हणजे तें आधीं जन्मलेल्यांचें वतन होऊन बसतें.

रांगेचा दुसरा दोष योसेमिटी येथें उघडकीस आला. कॅलिफोर्नियांतील त्या दरींत हाफ डोम नांवाचा एक प्रचंड सुळका आहे. त्याचा माथा दरीच्या तळापासून जवळजवळ ४,८०० फूट उंच असून शेवटचे सुमारें ४०० फूट उघड्या कातळावरून चढावें लागतें. १८७५ सालीं अँडरसन नांवाच्या इसमानें कातळांत भोंकें पाडून व त्यांत खुंट्या ठोकून तो प्रथम सर केला. १९१९ सालीं तेथें पोलादी दोर बसविण्यांत आले. या दोरांमुळें सामान्य चालणारालाहि माथा गांठतां येऊं लागला, आणि शनिवारीं हजाराबाराशें माणसें त्या दोरांना लोंबकळूं लागलीं. आमची हरिहरवरची अवस्था ज्यांनीं ऐकली त्यांना निराळें चित्र काढून दाखविण्याची गरज नाहीं. २०१० सालीं शनिवार-रविवार व शेजारच्या कांहीं दिवसांकरितां, आणि २०११ पासून रोजच्या करितां परवाना आवश्यक झाला. तो देण्याची रीत पुन्हां तीच: जो आधीं मागेल त्याला. फरक इतकाच कीं, मागणी घरबसल्या संगणकावरून करावयाची होती. परिणाम काय झाला? ठरलेल्या वेळीं दार उघडतांच कांहीं मिनिटांत परवाने संपूं लागले, आणि ज्यांना चढावयाचें नव्हतेंच अशा लोकांनीं ते घेऊन चढत्या भावानें विकावयास काढले. जुन्या यादींत वर्षें मोजावीं लागत होतीं, येथें क्षण मोजावे लागले. पण दोन्हींकडे ज्याच्याजवळ वेळेचें भांडवल अधिक तोच पुढें. कारखान्यांत पाळीवर असलेला कामगार, शेतांत असलेला माणूस, ज्याच्या गांवीं तार नीट पोंचत नाहीं असा विद्यार्थी, हे त्या मिनिटाला कोठें असणार? रांगेंत राजा व रंक सारखे उभे असतात हें आमचें वाक्य ऐकावयास बरें होतें. परंतु राजा आपल्या जागीं चाकराला उभा करतो, एवढी गोष्ट आम्ही विसरलों होतों.

२०१२ सालापासून हाफ डोमसाठीं सोडत सुरू झाली. मार्च महिन्यांत अर्ज करावा, त्यांत आपल्या सोयीचे दिवस लिहावे, आणि नशिबाची वाट पाहावी. दिवसाला सुमारें ३०० परवाने. त्यांतले २२५ एका दिवसांत परतणारांचे व बाकीचे रानांत मुक्काम करणारांचे. ज्याच्या नांवावर परवाना निघाला त्यानें किंवा अर्जांतच नोंदलेल्या त्याच्या बदली माणसानें जातीनें हजर असलें पाहिजे, या एका नियमानें विक्रीचा धंदा बसला. आमच्या चौथ्या विद्यार्थ्याची थट्टा अशी खरी ठरली.

पण चिठ्ठींतला न्याय म्हणजे नेमकें काय? पुष्कळ विचारी लोकांना तिची शिसारी येते. बुद्धि असलेल्या प्राण्यानें निर्णय आंधळ्या नशिबावर सोपवावा हा त्यांना बुद्धीचा पराभव वाटतो. ही शंका नवी नाहीं, आणि तिचें उत्तरहि नवें नाहीं. अथेन्सच्या लोकशाहींत पांचशें जणांची सभा चिठ्ठीनें निवडली जात असे, दहा गणांतून प्रत्येकीं पन्नास. आपल्या देशांत तामिळ प्रांतीं उत्तरमेरूर या गांवच्या देवळाच्या भिंतींवर चोळ राजा पहिला परांतक याच्या कारकीर्दींतले, इ. स. ९२० च्या सुमाराचे, शिलालेख आहेत. गांवसभेच्या समित्यांवर माणसें कशीं घ्यावयाचीं याचा त्यांत तपशीलवार नियम दिला आहे. गांवाच्या तीस प्रभागांतून योग्य माणसांचीं नांवें ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहावीं, तीं घड्यांत घालावीं, सर्व सभेसमक्ष एका अजाण मुलानें एक पत्र उचलावें, आणि तें घेणाऱ्या मध्यस्थानें पांचही बोटें पसरून उघड्या तळहातावर घ्यावें. त्या उघड्या तळहातांत चिठ्ठीच्या न्यायाचें अर्धें मर्म आहे. चिठ्ठी शहाणी असते असें कोणीच म्हटलेलें नाहीं. ती कोणाची मिंधी नसते एवढेंच तिचें म्हणणें. जेथें सर्वांचा हक्क सारखा व वस्तु थोडी, तेथें एकाला देऊन दुसऱ्याला नाकारण्याचें खरें कारण कोणापाशींच नसतें. अशा वेळीं खोटें कारण शोधण्यापेक्षां, कारण नाहीं हें उघड कबूल करणें अधिक प्रामाणिकपणाचें. भावाभावांच्या वांटणींत आपल्याकडे चिठ्या टाकतात त्या याच समजुतीनें.

मर्माचा दुसरा अर्धा भाग मात्र आजच्या सोडतींतून पुष्कळदां गळतो. उत्तरमेरूरच्या घड्यांत वाटेल त्याचें नांव पडत नसे. पस्तीस ते सत्तर वय, स्वत:च्या जमिनीवर घर, ठराविक शेत, कांहीं विद्या, अशा अटी असत; त्यांतल्या कित्येक आजच्या न्यायबुद्धीला पटणार नाहींत. पण दोन अटी अशा होत्या कीं त्यांच्यापासून आजहि शिकावें. ज्यानें मागें समितीवर असून हिशेब दिला नाहीं त्याचें नांव घड्यांत पडत नसे. आणि जो गेल्या तीन वर्षांत समितीवर होता त्याचेंहि पडत नसे. अथेन्समध्येंहि त्या सभेंत कोणालाहि आयुष्यांत दोनदांहून अधिक बसतां येत नसे. म्हणजे त्या जुन्या चिठ्ठीला डोळे नव्हते, परंतु स्मरण होतें. कोणाला मागें मिळालें व कोणाला मिळालें नाहीं हें तिला आठवत असे. निव्वळ आंधळी सोडत या बाबतींत निर्दय आहे. ती दरवर्षीं पाटी कोरी करते. यंदा पहिल्यांदा अर्ज करणारा आणि दहा वर्षें हरत आलेला, दोघे तिला एकच. आजच्या दिवसापुरता हा न्याय आहे, पण आयुष्याचा हिशेब मांडला तर नाहीं.

ग्रँड कॅनियनच्या इतिहासाचा शेवट येथें पाहण्यासारखा आहे. २००६ सालीं तेथील वीस वर्षांची यादी मोडून सोडत आणण्यांत आली. त्या वेळीं खरी अडचण अशी उभी राहिली कीं, जे पंधरा-पंधरा वर्षें यादींत होते त्यांचें काय करावयाचें? त्यांना सरकारनें एक प्रकारें वचन दिलेलें होतें. यादी तशीच चालूं ठेवावी तर नवी पिढी बाहेर. यादी फाडून टाकावी तर जुन्यांचा विश्वासघात. तडजोड अशी निघाली कीं, यादींत काढलेल्या प्रत्येक वर्षाबद्दल सोडतींत एक जादा संधि मिळावी. आणि पुढच्या काळासाठीं नियम असा झाला कीं, ज्याला दरींत जाऊन जितकीं अधिक वर्षें लोटलीं तितक्या त्याच्या चिठ्या अधिक, मात्र पांचांपर्यंतच. व कोणीहि वर्षांतून एकापेक्षां अधिक वेळां करमणुकीसाठीं त्या नदींतून जाऊं नये. अशा प्रकारें वाट पाहिल्याचें मोल राहिलें, पण त्याचें वतन झालें नाहीं. रांग व चिठ्ठी यांचा हा संसार आम्हांला आजवर योजल्या गेलेल्या सर्व उपायांत सरस वाटतो.

आतां दुसऱ्या व तिसऱ्या विद्यार्थ्याच्या म्हणण्याचा विचार थोडक्यांत करूं. पैशाच्या मार्गाचीं मोठीं उदाहरणें हिमालयांतच आहेत. नेपाळ सरकारनें एव्हरेस्टवर जाणाऱ्या परदेशी माणसाकडून घ्यावयाचें शुल्क २०२५ च्या सप्टेंबरपासून अकरा हजार डॉलरांवरून पंधरा हजारांवर नेलें. भूतान परदेशी प्रवाशाकडून मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागें कर घेतें. गरीब देशानें श्रीमंत पाहुण्याकडून पैसा घ्यावा यांत आम्हांला गैर दिसत नाहीं, कारण तो डोंगर त्या पाहुण्याचा नव्हे. परंतु स्वत:च्या देशांतल्या माणसाला स्वत:च्याच डोंगराच्या पायथ्याशीं थैली विचारणें ही निराळी गोष्ट आहे. शिवाय पैसा आडवाटेनेंहि शिरतो. अमेरिकेंतल्या बहुतेक सोडतींत अर्जाचें शुल्क हरणारालाहि परत मिळत नाहीं. ही रक्कम लहान असते. पण हरणारे हजारों असतात, आणि ज्या सोडतींत हरणाऱ्यांपासून मिळकत होते ती सोडत गर्दी कमी व्हावी अशी इच्छा मनापासून करील काय?

पात्रतेचें म्हणणें अधिक वजनाचें आहे, पण त्याची जागा घड्याच्या बाहेर आहे. कैलास-मानससरोवराच्या यात्रेचें उदाहरण घ्या. १९६२ नंतर बंद पडलेली ही वाट १९८१ सालीं पुन्हां खुली झाली, व तेव्हांपासून आपलें परराष्ट्रखातें तुकड्या पाठवीत आलें आहे. २०२० पासून पांच वर्षें खंड पडून २०२५ सालीं यात्रा सुरू झाली तेव्हां जागा होत्या ७५०, आणि अर्ज साडेपांच हजारांवर. निवड संगणकाच्या सोडतीनें झाली. वयाची मर्यादा आहे, वैद्यकीय तपासणी कडक आहे, आणि पूर्वीं न गेलेल्यांना अग्रक्रम आहे. येथें पात्रता व चिठ्ठी यांच्या जागा बरोबर ठेवल्या आहेत: धडधाकट कोण हें वैद्यानें सांगावें, धडधाकटांपैकीं कोण हें चिठ्ठीनें सांगावें. तरीपण लिपुलेखच्या वाटेनें जाण्याचा माणशीं खर्च पावणेदोन लाखांच्या घरांत व नाथू-लाच्या वाटेनें त्याहून बराच अधिक होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे असें दिसतें कीं, कित्येकांची सोडत अर्ज भरण्याच्या आधींच होऊन गेलेली असते. पुढची सोडत कितीहि निर्दोष असली तरी ती या आधींच्या सोडतीची भरपाई करूं शकत नाहीं.

आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. युटा व ॲरिझोना यांच्या सीमेवर 'वेव्ह' नांवाची लाटेसारख्या वालुकाश्माची एक अद्भुत जागा आहे. तेथें वर्षानुवर्षें दिवसाला वीसच माणसें सोडीत. दहा आगाऊ सोडतीनें व दहा आदल्या दिवशीं कानाब गांवच्या कचेरींत जमलेल्या लोकांतून, सर्वांसमक्ष पिंजऱ्यांतले क्रमांकाचे गोळे फिरवून. २०२१ सालीं ही संख्या चौसष्ट करण्यांत आली, व पुढच्या वर्षीं ती जमावासमोरची सोडत जाऊन रोजची सोडतहि दूरध्वनियंत्रावर गेली. वीस व चौसष्ट यांत तिपटीहून अधिक अंतर आहे. तेव्हां आधींचा आंकडा फार लहान होता काय, कीं आतांचा फार मोठा आहे? वांटणीच्या न्यायाविषयीं आपण कितीहि भांडलों तरी वांटावयाचें किती हा प्रश्न त्याच्याहि आधींचा आहे, आणि तो आंकडा ठरविणारानें त्याचीं कारणें उत्तरमेरूरच्या मध्यस्थाप्रमाणें उघड्या तळहातावर दाखविलीं पाहिजेत. गोळे डोळ्यांदेखत फिरत तेव्हां हरलेला मनुष्य निराश होऊन परते, पण संशय घेऊन परतत नसे. यंत्राच्या पोटांतली सोडत तितकीच खरी असेल. ती तितकीच दिसली मात्र पाहिजे.

आमच्याकडे अजून ही वेळ पुरती आलेली नाहीं असें कोणी म्हणेल. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत प्रेक्षकांची संख्या दिवसाला तीन हजारांवर बांधून आगाऊ नोंदणी करण्याची रीत सुरू झालेलीच आहे. आज पठारावर जें झालें तें उद्यां पायऱ्यांवर होणार. त्या वेळीं सुचेल तो पहिला उपाय रांगेचाच असेल, कारण तो सोपा आहे व सज्जन दिसतो. म्हणून आधींच सांगून ठेवतों: आंकडा कां ठरला तें सांगा, चढूं शकणारे कोण तें आधीं पाहा, शुल्क घ्यावयाचें तर चढणाराकडून घ्या, हरणाराकडून नको, गडाच्या पायथ्याशीं ज्यांचीं गुरें चरतात त्यांना या हिशेबांत धरूं नका, कारण ते पाहुणे नव्हेत, आणि उरलेल्यांत चिठ्या टाका, पण जो मागें हरला त्याची एक चिठ्ठी अधिक टाका.

त्या दिवशीं हरिहरच्या पायऱ्यांवर ज्याच्या थट्टेला आम्ही सारे हंसलों तो विद्यार्थी आतां स्वत: शिक्षक आहे. त्याला हा अंक आम्ही पाठविणार आहों.